मामांचा कोन

भिवंडीहून कल्याणला निघालं की उल्हास नदीच्या अलीकडे कोन लागतं आणि पलीकडे दुर्गाडी किल्ला. आमच्या मामांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर घर घेतलं ते या कोनमध्ये. "भूमितीच्या मास्तरानं दुसरीकडे कुठे राहायचं?" असं ते प्रत्येक पाहुण्याला विचारतात. पाहुणे हसतात. आम्ही घरचे हसत नाही. आमचा हसण्याचा कोटा केव्हाच संपला आहे.

दोन वर्षांपूर्वी एका टेम्पोनं या मामांना स्कूटरसकट रस्त्याच्या कडेला ठेवलं. उजवा गुडघा पुरता वाकेनासा झाला आणि डाव्या मुठीतला जोर गेला. मामा काठी घेऊन चालू लागले खरे, पण बाहेर पडेनासे झाले. त्याचं कारण गुडघा नव्हे, पार्किंग. आमच्या सोसायटीच्या आवारात गाड्या अशा उभ्या असतात की रिक्षा फाटकाशीच थांबते, आणि फाटकापासून जिन्यापर्यंत दोन बंपरांच्या फटीतून आडवं होत जावं लागतं. धडधाकट माणूस आडवा होतो. काठीवाल्या माणसाला ती सोय नाही. "बाहेर माझं काम काय?" असं मामा म्हणू लागले, तेव्हा मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी पंख्याकडे पाहिलं.

अशात लीड्सहून मावसबहिणीचा फोन आला. तिकडे अशा माणसांना 'ब्लू बॅज' मिळतो. तो काचेला लावला की गाडी दाराजवळ उभी करता येते. इंग्लंडात ही पद्धत १९७१ सालापासून आहे. आधी बिल्ला नारिंगी होता, २००० साली निळा झाला. मामा खूश. "आपणही काढू एक!"

चौकशी केल्यावर कळलं, की देशभर चालेल असा बिल्ला आपल्याकडे नाही. चाकाच्या खुर्चीचं स्टिकर बाजारात कोणालाही मिळतं आणि त्यामुळेच त्याला कोणी विचारत नाही. आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढायचं, पुढचं पुढे. २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. १९९५च्या कायद्यात सातच होते. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी निदान चाळीस टक्के लागतात.

"म्हणजे पासिंगला पस्तीस आणि याला चाळीस?" मामा म्हणाले, "हा पेपर अवघड दिसतो."

अर्ज ऑनलाइन. त्यात फोटो चढवायचा, तो ठरलेल्या आकाराचा. मामांचा चेहरा त्या आकारात बसायला तीन संध्याकाळी गेल्या. मग तारीख मिळाली आणि आम्ही एका सरकारी रुग्णालयात पोचलो. तिथे दिव्यांगांसाठी राखीव जागा होती, पाटीही होती. पाटीखाली एक मोटारसायकल होती आणि मोटारसायकलवर तिचा मालक भेळ खात होता. "दोनच मिनिटं," तो म्हणाला. त्याच्या हातातल्या पुडीकडे पाहता दोन मिनिटांत ती भेळ संपणं मला अवघड वाटलं. मामा म्हणाले, "सावकाश खा, ठसका लागेल." मास्तरकी जात नाही.

आत डॉक्टरांनी एक कंपासपेटीतून आल्यासारखं साधन काढून मामांच्या गुडघ्याला लावलं. गोनिओमीटर. म्हणजे शुद्ध मराठीत कोनमापक! मामांचा चेहरा उजळला. "कोनचा माणूस, त्याचा कोन, आणि मापायला कोनमापक," ते म्हणाले. डॉक्टर हसले. ते नवीन होते.

पायाचे पस्तीस टक्के झाले, हाताचे वीस. मी मनात पंचावन्न म्हटलं. कागदावर आले सत्तेचाळीस. मामा ताठ बसले. "आठ टक्के कुठे गेले?"

मागे रांग होती, तरी डॉक्टरांनी सूत्र लिहून दाखवलं. मोठा आकडा अधिक, लहान आकडा गुणिले नव्वदमधून मोठा वजा करून उरेल तो, भागिले नव्वद. सरळ बेरीज केली तर चार-पाच व्याधींचा माणूस शंभर टक्क्यांच्या पुढे जाईल आणि शिल्लकच राहणार नाही. या हिशेबात नव्वदच्या वर कोणी जात नाही. मामांनी अर्जाच्या पाठीवर आकडेमोड केली. मग आकडे उलटे घालून पुन्हा केली. आधी हात, मग पाय. पुन्हा सत्तेचाळीस! "क्रम बदलला तरी उत्तर तेच. सुरेख सूत्र आहे!" ते म्हणाले. स्वतःच्या पांगळेपणावर इतका निर्मळ आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तो आनंद पुढच्या रकान्यापर्यंत टिकला. 'स्वरूप : तात्पुरते / कायम.' डॉक्टरांनी कायमवर खूण केली. मामा त्या खुणेकडे बराच वेळ बघत राहिले. गुडघा सुधारेल असं ते रोज सकाळी व्यायाम करताना मोजत होते, हे मला तेव्हा समजलं. रोज अर्धा अंश, असा त्यांचा हिशेब असावा.

मग मामीच बोलली. "अहो, शाळेत कायम व्हायला तुम्हाला सात वर्षं लागली. इथे पहिल्या फेरीत झालात."

मामा हसले. चष्मा पुसायला त्यांना जरा जास्त वेळ लागला, इतकंच.

पुढे टपालानं कार्ड आलं, पिवळ्या रंगाचं. चाळीस ते ऐंशीच्या आतल्यांना पिवळं आणि त्यावरच्यांना निळं. मामी म्हणाली, "शेजारी रेशनचं समजतील. विचारतील, दारिद्र्यरेषेखाली कधी गेलात?"

कार्ड हातात येताच मामांनी सोसायटीला अर्ज केला. सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी जागा ३.६ मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरांच्या आत सांगितली होती. मामांनी ती टेपनं मोजून दाखवली. सेक्रेटरी म्हणाले, "सर, एवढ्या जागेत दीड गाडी बसते." मामा म्हणाले, "बरोबर. एक गाडी आणि अर्धा मी." सभा हसली आणि ठराव मंजूर झाला. जागा मामांच्या नावावर नाही, गरज असेल त्याची, हे वाक्य त्यांनी स्वतः घालून घेतलं.

रंगवायचं काम मुलांनी केलं. ते खुर्चीचं चिन्ह १९६८ साली सुझान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीनं काढलं, तेव्हा त्यातल्या आकृतीला डोकं नव्हतं. ते मागाहून बसवलं. मामांनी ही गोष्ट सांगितल्यावर मुलांनी डोकं जरा मोठंच काढलं आणि त्याला चष्माही घातला.

हल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या आजी डायलिसिसहून येतात, तेव्हा त्यांची रिक्षा थेट त्या चष्म्यावर येऊन थांबते. मामा संध्याकाळी तिथेच खुर्ची टाकून बसतात आणि कोणी "दोनच मिनिटं" म्हणत गाडी लावू लागला, की त्याला दोन मिनिटांत नव्वदचं सूत्र शिकवतात. दुसऱ्यांदा कोणी लावत नाही.