कोर्लई पाहिलंत का हो?

कोर्लई! सध्या गुलमंडीवर जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय. गल्ल्यावर बसलेला व्यापारी गिऱ्हाईक सोडून थोडाच ऐकणार? पण सुपारी हनुमानापाशी कोणी चहाला थांबला, की मग त्याची सुटका नाही. अहो, आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात, अलिबागपासून तासाभराच्या आत एक गाव आजही घरात पोर्तुगीजातून जन्मलेली भाषा बोलतंय!

मी गेलो होतो नुसता किल्ला बघायला. रेवदंडा सोडलं, साळावचा पूल ओलांडला. खाली कुंडलिका समुद्राला मिळते. मग कोर्लई. माउंट कार्मेल चर्चच्या अलीकडे एक आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आतल्या कुणाला तरी त्यांनी असं फैलावर घेतलं, की मी जागीच थांबलो. शब्द एक कळेल तर शपथ, पण चाल मात्र अगदी आपल्याकडच्या सासूची! विचारलं तर सूप खाली न ठेवता स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "आमची नोलिंग ती. बाजारात मराठी, घरात ही."

ती चाल ओळखीची का वाटली, ते नंतर समजलं. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज निघून गेले. गावातले ख्रिस्ती मात्र राहिले. धर्म वेगळा, सोयरिकी आपसात, म्हणून भाषा टिकली, आणि आजूबाजूच्या मराठीने तिला हळूहळू आपलं वळण लावलं. बोलणारे असतील हजाराच्या आतबाहेर. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. अमेरिकेला माहीत, गुलमंडीला पत्ता नाही!

किल्ला तर विचारूच नका. समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर, रुंदीला अगदी चिंचोळा. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढताना छातीचा भाता झाला होता, पण वर पोचलो आणि सगळं विसरलो. छप्पर उडालेलं चर्च, त्याच्याजवळच महादेवाचं देऊळ आणि तुळशीवृंदावन. तोफा ऊन खात पडलेल्या. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला उघडा दर्या, आणि पलीकडे रेवदंड्याचा किनारा. वारा असा, की टोपी एका हाताने धरूनच हिंडावं लागतं.

आणि हे सगळं आपल्याला परकं आहे असं समजू नका. चौल-रेवदंडा हे निजामशाहीचं बंदर, आणि १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं आपलं शहर, वसवणारा मलिक अंबर त्याच निजामशाहीचा वजीर! चौलला किल्ला बांधायची परवानगी पोर्तुगीजांना १५२१ मध्ये मिळाली ती निजामशहाकडूनच. पन्नास वर्षांत पाहुणे डोईजड झाले. १५७० मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला, तरी ते हटले नाहीत. उलट १५९४ मध्ये त्यांनी समोरचा कोर्लईचा डोंगरही बळकावला. पुढे १६८३ मध्ये चौलला आणखी एक वेढा पडला. तो कोणाच्या फौजेचा? छत्रपती संभाजी महाराजांच्या! ज्यांचं नाव आज आपल्या शहराला आहे, त्यांच्या. दुकानांच्या पाट्यांवर ते नाव रोज वाचतो आपण, आणि त्या फौजेने वेढलेली तटबंदी बघायला जात नाही?

रेवदंड्याच्या किल्ल्यातला सातखणी मनोरा माझ्याकडून घाईत धड बघून झाला नाही. म्हणून दिवाळीनंतर पुन्हा निघतोय. नगर, पुणे, खोपोली, पेण, अलिबाग. रात्री निघायचं, सकाळी पोहे तिकडे. जीप ठरलीय. कुंभारवाड्यातले दोघं आणि औरंगपुऱ्यातले एक काका तयार आहेत. खिडकीची जागा हवी असेल तर आत्ताच सांगा.