आठ टन बर्फ

नागपुरातल्या आमच्या जुन्या घराला सेंट्रल एसी बसवायचा, म्हणून ठेकेदार मोजमापं घेऊन गेला. ८ टनांचं यंत्र, डक्ट, फॉल्स सीलिंग, वाढीव वीजभार मिळून ६ लाख ८० हजार रुपये.

“टन म्हणजे?” आईनं विचारलं. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी, मी सांगितलं.

“म्हणजे घरात रोज आठ टन बर्फ!” ती हसली.

एक खर्च मात्र त्या कागदावर नव्हता. डक्टसाठी छत सव्वा फूट खाली येणार, आणि बाबांनी हौसेनं ठेवलेले झरोके त्यामागे बुजणार. कूलरला ते लागतात. दमट हवा बाहेर गेली नाही, तर वाळा लावूनही घर उबतं. एसीला मात्र घर बंदच हवं.

पण गेल्या मे महिन्यात आई भरदुपारी चक्कर येऊन पडली होती. झरोक्यांसाठी किती दिवस अडून बसणार?

शेवटी तिच्या एकट्या खोलीत दीड टनाचा एसी लावला. तिथला झरोका मीच स्टुलावर चढून बंद केला. बाकीचे उघडे आहेत. दुपारी आम्ही सगळे तिच्याच खोलीत सतरंजी टाकून आडवे होतो, लहानपणी कूलरसमोर व्हायचो तसे.