लिफीकाठचे निर्धूर पब

डब्लिन शहराच्या मधोमध लिफी नदी वाहते आणि तिच्या दोन्ही तीरांवर पब दाटीवाटीने उभे आहेत. पब म्हणजे आपल्याकडील परमिट रूम, अशी समजूत करून घेऊन तेथे गेल्यास फसगत होते. दुपारी तेथे कुटुंबे मुलाबाळांसह जेवायला येतात, सायंकाळी एखादे आजोबा वर्तमानपत्र घेऊन कोपरा धरतात आणि रात्री कोणीतरी फिडल काढून बसतो. ‘ब्रेझन हेड’ हा पब तर आपली परंपरा थेट ११९८ पर्यंत मागे नेतो. तो दावा इतिहासकारांवर सोपवून मी आत शिरलो. जुने लाकूड, उकळता स्टू आणि सांडलेली बिअर यांचा संमिश्र वास आला. तंबाखूचा धूर मात्र नावालाही नव्हता.

पबसह सर्व बंदिस्त कामाच्या ठिकाणी धूम्रपान देशभर बंद करणारा आयर्लंड हा जगातील पहिला देश. तारीख २९ मार्च २००४, आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन. कायद्याचा पाया मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तो ग्राहकाला सुधारण्यासाठी केलेला नव्हता. रोज आठ-आठ तास दुसऱ्यांचा धूर श्वासात घेणाऱ्या नोकरवर्गाच्या संरक्षणासाठी होता. गिऱ्हाईक धुराला कंटाळून उठून जाऊ शकते, पेले भरणारा माणूस कोठे जाणार?

पबमालकांनी मोठा विरोध केला. सिगारेट आणि बिअर ही जोडगोळी. एक गेली की दुसरी जाईल, हजारो नोकऱ्या बुडतील, असे त्यांचे म्हणणे. ही भीती खोटी ठरली, असे एका वाक्यात सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नव्हे. आयर्लंडमध्ये बारमधील विक्री २००४ मध्ये घटली. परंतु ती त्याआधीच्या दोन वर्षांतही घटतच होती. बिअर महाग झाली होती, लोक दुकानातून बाटल्या आणून घरी पिऊ लागले होते. पुढे २००६ मध्ये रस्त्यावर कोणालाही थांबवून श्वासचाचणी घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला आणि गाडीनेच घरी परतावे लागणाऱ्या खेड्यांतील गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. खेड्यांतील अनेक पब खरोखरच बंद पडले. त्या सर्वांचे खापर धूम्रपानबंदीवर फोडणे म्हणजे तापाच्या रुग्णाला शेवटी दिलेल्या गोळीवर साऱ्या आजाराचा दोष ठेवण्यासारखे आहे.

न्यूयॉर्क शहराने आयर्लंडच्या वर्षभर आधी, २००३ मध्ये, बारमधील धूम्रपान बंद केले. त्यानंतरच्या पहिल्या वर्षात तेथील उपाहारगृहे व बार यांच्याकडून मिळणारा व्यवसाय कर ८.७ टक्क्यांनी वाढला. त्याच वर्षी संशोधकांनी जगभरातील अशा ९७ आर्थिक अभ्यासांची छाननी केली. पद्धतशीर आणि काटेकोर अभ्यासांत विक्री वा नोकऱ्यांवर परिणाम शून्य किंवा अनुकूल आढळला. नुकसान दाखवणाऱ्या अभ्यासांमागे बहुतांशी तंबाखू उद्योगाचा पैसा होता. कोणताही अहवाल हाती आला की खर्च कोणी केला हे आधी पाहावे, ही सवय औषधांच्या बाबतीतही उपयोगी पडते.

डब्लिनकरांनी मार्ग काढलाच. पबांनी मागील अंगणात बाके टाकली, छपरे घातली, गॅसच्या शेगड्या लावल्या. छपराखालील कडेचा निम्म्याहून अधिक भाग भिंतींनी बंद असू नये, असा नियम आहे. या व्यवस्थेचा खर्च मोठ्या पबांना झेपला, चिंचोळ्या जागेतील छोट्यांना जड गेला. दारापुढे थंडीत कुडकुडत धूर सोडणाऱ्या अनोळखी तरुण-तरुणींच्या ओळखी वाढल्या. त्यासाठी ‘स्मर्टिंग’ असा एक शब्दही रूढ झाला!

हिशेबाची दुसरी बाजू गल्ल्यावर दिसत नाही. डब्लिनच्या पबांतील हवेत बंदीनंतर अतिसूक्ष्म कण ८३ टक्क्यांनी, तर बेंझिन सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. स्कॉटलंडमध्ये २००६ मध्ये बंदी आल्यानंतर, पाहणीतील नऊ रुग्णालयांत तीव्र हृदयविकाराने दाखल होणारे रुग्ण १७ टक्क्यांनी घटले आणि या घटीतील दोन-तृतीयांश वाटा धूम्रपान न करणाऱ्यांचा होता. ज्येष्ठ वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. दुसऱ्याच्या धुराने काही मिनिटांतच रक्तातील बिंबाणू चिकट होऊ लागतात व रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता घटते. आधीच अरुंद झालेल्या हृदयवाहिनीला तेवढे निमित्त पुरते.

जाता जाता एक जिव्हाळ्याची गोष्ट. मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते सांगणारे लिओ वराडकर २०१४ ते २०१६ या काळात आयर्लंडचे आरोग्यमंत्री होते, पुढे पंतप्रधानही झाले. ते माझ्यासारखेच जनरल प्रॅक्टिशनर, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. आयर्लंडमध्ये बंदी आली तेव्हा तो ३,००० युरोपर्यंत जाऊ शकत असे. तीस वा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना मात्र स्वतंत्र धूम्रपान कक्षाची मुभा आहे आणि त्या कक्षात जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या फुप्फुसांचा प्रश्न तसाच राहतो.

आयरिश कायद्याने एक सवलत ठेवली: वृद्धांची शुश्रूषागृहे वगळली, कारण तेथे राहणाऱ्यांचे ते घर आहे. घराच्या उंबरठ्याशी कायदा थांबतो. तेथून पुढचा बंदोबस्त घरच्यांनाच करावा लागतो. सी.ओ.पी.डी. किंवा हृदयविकार असलेल्या आजी-आजोबांच्या खोलीला लागून असलेल्या बाल्कनीत मुलगा सिगारेट ओढत असेल, तर दार लोटून घेतल्याने धूर अडत नाही. त्याला सरळ खाली, इमारतीबाहेर पाठवावे. आणि घरी ऑक्सिजन चालू असेल, तर त्या खोलीत विडी-सिगारेटच काय, उदबत्ती किंवा निरांजनही पेटवू नये.