हाताला पेलेल ते कॅलिबर

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, शहर विरळ होत जातं तिथे हायवेलगत आमचं दुकान आहे. बाहेर पेट्रोलचे पंप, आत दूध-ब्रेडपासून सिगारेटपर्यंत सगळं. रात्री अकराला दिवे मालवायचे, गल्ला मोजायचा, रोकड पिशवीत घालायची आणि पार्किंगमधून गाडीपर्यंत जायचं, हे काम आठवड्यातले निम्मे दिवस माझ्याकडे असतं. आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानात दरोडा पडला आणि काउंटरवरच्या पोराच्या खांद्यात गोळी घुसली. तो वाचला, पण पुन्हा त्या काउंटरवर उभा राहिला नाही. त्यानंतर घरात बरीच चर्चा झाली आणि मी कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचं ठरवलं.

कायद्याने त्यात अडचण नव्हती. एच-वन व्हिसावर असलेल्या माणसाला इथे सर्वसाधारणपणे बंदूक घेता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना घेता येते. मी नागरिक होऊन बरीच वर्षं झाली आहेत. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पिस्तूल बाळगायला परवानाही सक्तीचा राहिलेला नाही. तरी मी परवान्याचा वर्ग केला. कायदा कुठे थांबवतो, दुकानाच्या दारावरच्या कोणत्या पाटीचा अर्थ काय, हे शिकल्याशिवाय कमरेला पिस्तूल लावायचं मला पटत नव्हतं. वर्गाच्या शेवटी ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या असतात. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास.

खरा प्रश्न होता कॅलिबरचा. त्याबद्दल इथे प्रत्येकाचं ठाम मत असतं. एक जुने गिऱ्हाईक सैन्यात होते. त्यांच्या मते .४५ सोडून बाकी सगळी खेळणी. बंदुकीच्या दुकानातला विक्रेता माझ्या हाताकडे बघून म्हणाला, ".३८० घ्या, बायका तेच घेतात." पुण्याला फोन केला तर काका दचकलेच. "९ एमएम? अगं, ते लष्कराचं आणि पोलिसांचं!" त्यांचं बरोबर होतं. भारतात ९ एमएम सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे. म्हणून तिकडे परवान्यावरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर म्हटलं की बहुतेक वेळा .३२ बोअरच असतं. तिथे निवड कायदाच करून टाकतो; इथे ती माझ्यावर होती.

काडतुसं मला परकी नव्हती. माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते आणि आमचं बालपण कारखान्याच्या भोंग्यावर चाललं. बाबा घरी कामाबद्दल फारसं बोलत नसत, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: काडतूस पहिल्या ठोक्याला पेटलंच पाहिजे, बाकीचे गुण त्यानंतर. या एका कसोटीने माझ्या यादीतून .२२ गेलं. त्याचा झटका नगण्य आणि काडतुसं स्वस्त. पण त्यात पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, मधोमध बसवलेल्या टोपीत नसतो. त्यामुळे न पेटणारं काडतूस निघण्याची शक्यता त्यात जास्त. सरावाला ते उत्तम, पण जीव ज्याच्यावर टाकायचा त्यात ती शक्यता मला नको होती.

आमच्या रेंजवरच्या प्रशिक्षक निवृत्त पोलीस अधिकारी आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी केली. एक .३८०, दुसरं ९ एमएम. दोन्हींच्या गोळीची जाडी सारखीच, फरक पितळी पुंगळीच्या उंचीत. एक १७ मिलिमीटर, दुसरी १९. बोटांत धरल्यावर दोन मिलिमीटर जाणवतसुद्धा नाहीत. पण .३८० च्या आत दाब जास्तीत जास्त २१,५०० पौंड प्रति चौरस इंच धरलेला आहे आणि ९ एमएमच्या आत ३५,०००. नेहमीच्या .३८० ची गोळी ९५ ग्रेन, म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास. ९ एमएमची ११५ ते १४७ ग्रेन, म्हणजे साडेसात ते साडेनऊ ग्रॅम. ९ एमएमची गोळी जड, आणि बहुतेक वेळा वेगानेही पुढे.

हा फरक महत्त्वाचा का, ते समजून घ्यायला त्यांनी मला ११ एप्रिल १९८६ ची मायामीतली चकमक वाचायला सांगितली. एफबीआयचे अधिकारी आणि दोन बँक-दरोडेखोर भर वस्तीत समोरासमोर आले. बेन ग्रोगन आणि जेरी डोव्ह हे दोन अधिकारी मारले गेले. डोव्ह यांची ९ एमएमची एक गोळी प्लॅट नावाच्या दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली होती, पण हृदयापाशी पोचण्याआधीच थांबली. प्लॅट पुढेही लढत राहिला. त्यातून एफबीआयने गोळ्या तपासायची पद्धतच बदलली. जिलेटिनच्या ठोकळ्यात, कपड्यांच्या थरांतून गेल्यावरसुद्धा, गोळीने किमान १२ आणि फार तर १८ इंच आत जावं असं ठरलं. आधी त्यांनी मोठ्या कॅलिबरकडे मोर्चा वळवला: १० एमएम, मग १९९० मध्ये आलेलं .४०. पण दरम्यान पोकळ टोकाच्या गोळ्या सुधारत गेल्या आणि २०१४ च्या एका टिपणात त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने ९ एमएमची बाजू घेतली. चांगल्या गोळ्या वापरल्या तर ९ एमएम, .४० आणि .४५ च्या जखमांत म्हणण्यासारखा फरक उरत नाही, आणि ९ एमएमने माणूस जास्त जलद व अचूक मारा करतो, असा त्याचा मथितार्थ. प्रत्यक्ष चकमकींत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात, असंही त्यात नोंदवलं आहे. तो आकडा वाचून मी बराच वेळ थांबले. पोलिसांच्या गोळ्या इतक्या चुकत असतील, तर माझ्यासारखीने आधी नेमाचा विचार करायचा, शक्तीचा नंतर.

छोट्या नळीच्या .३८० ची अडचण इथेच कळते. पोकळ टोकाची गोळी अंगात शिरल्यावर फुलावी, रुंद व्हावी, म्हणजे तिथेच थांबेल आणि पलीकडच्या माणसाला लागणार नाही, अशी तिची रचना असते. त्यासाठी वेग हवा. खिशात मावणाऱ्या पिस्तुलाच्या पावणेतीन इंची नळीतून .३८० ला तो जेमतेम मिळतो. मग बऱ्याचदा दोनपैकी एक होतं: गोळी फुलते आणि १२ इंचांच्या आधीच थांबते, नाहीतर कपड्याने टोक बुजून ती न फुलताच आरपार जायला बघते. काळजीपूर्वक निवडलेल्या गोळ्यांनी यातून वाट निघते, पण वाट अरुंद आहे. ९ एमएमला तीच वाट बरीच रुंद मिळते.

इतकं समजूनही मी .३८० बाद केलं नव्हतं. कागदावरचे आकडे एकीकडे आणि हाताची गोष्ट दुसरीकडे. रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. सात यार्डांवर, म्हणजे साधारण वीस फुटांवर, कागदी थाळी लावायची, पिस्तूल खाली धरून उभं राहायचं, खूण झाली की उचलून पाच गोळ्या झाडायच्या. किती थाळीत बसल्या आणि किती वेळ लागला, ते प्रशिक्षक बाई वहीत लिहीत.

सुरुवात केली रुगर एलसीपीपासून. .३८०, रिकामं असताना जेमतेम साडेनऊ औंस, जीन्सच्या खिशात हरवून जाईल एवढं. मुठीत दोनच बोटं मावली, करंगळी हवेत. पहिल्याच गोळीला अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या चामडीला चिमटा बसला, पिस्तूल मुठीत फिरलं आणि दुसऱ्या गोळीआधी पकड पुन्हा जमवावी लागली. पाचव्या गोळीपर्यंत मी चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागले होते. "लहान कॅलिबर म्हणजे सौम्य," हे मी सगळीकडून ऐकलं होतं. हाताने वेगळंच सांगितलं. झटका फक्त काडतूस ठरवत नाही. पिस्तुलाचं वजन, मुठीची लांबी आणि तळव्याला मिळणारी जागा मिळून तो ठरतो.

त्यानंतर .३८ स्पेशलचं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर. पिस्तुलासारखी वरची सरकती स्लाइड ओढायची भानगड नाही, अडकण्याची धास्ती कमी, पण चाप लांब आणि जड. बोट मागे येता येता नळी डावीकडे सरकायची आणि गोळ्या थाळीच्या कडेला जायच्या. मग .४५ चं एक कॉम्पॅक्ट पिस्तूल. त्याच्या गोळ्या बसल्या, पण दोन गोळ्यांमध्ये नळी खाली यायला इतका वेळ लागे की बाईंच्या वहीतली वेळ जवळजवळ दुप्पट झाली.

सिग पी३६५ शेवटी हातात आलं. २०१८ मध्ये बाजारात आलेलं हे पिस्तूल ९ एमएमचं, नळी ३.१ इंची, वजन रिकाम्या मॅगझिनसह १८ औंसांच्या आत, आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. स्लाइड ओढताना मला पहिल्यांदा जोर पुरेना. बाईंनी पिस्तूल छातीजवळ आणायला लावलं. डाव्या हाताने स्लाइड वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. ओढण्यापेक्षा ढकलण्यात खांद्याचा जोर येतो. नळी मात्र सतत लक्ष्याच्या दिशेला. स्लाइड सहज मागे गेली. झटका होता, नाही असं नाही, पण तो सरळ तळहातावर आला. करंगळीसाठी तळाशी थोडी लांब असलेली मॅगझिन लावल्यावर पकड न हलवता पाचही गोळ्या थाळीत बसल्या. .३८० पेक्षा शक्तिमान काडतूस मला .३८० च्या चिमुकल्या पिस्तुलापेक्षा सोपं गेलं. निर्णय तिथेच झाला.

खर्चानेही त्याच बाजूने कौल दिला. इथे ९ एमएम भरपूर खपतं, म्हणून सरावाची काडतुसं तुलनेने स्वस्त मिळतात; .३८० चा डबा नेहमीच महाग. मी दर महिन्याला रेंजवर जाते. महाग काडतुसांनी तो सराव कमी कमी होत गेला असता. सरावाला साध्या गोळ्या आणि बाळगायला पोकळ टोकाच्या. पण बाळगायच्या गोळ्यांचेही काही डबे माझ्याच पिस्तुलातून न अडकता गेल्यावरच मी त्या कमरेला लावल्या. बाबांची कसोटी इथेही लागू पडते.

माझ्या निवडीची नक्कल सगळ्यांनी करावी असं मी म्हणणार नाही. डॅलसला राहणाऱ्या माझ्या मावशींची बोटं संधिवाताने वाकली आहेत. ९ एमएमची स्लाइड त्यांच्याने हलत नाही, ढकलूनसुद्धा. त्यांच्यासाठी .३८० च पण थोडं मोठं, मऊ स्लाइडचं पिस्तूल योग्य ठरलं. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड त्याच गरजेतून आलं आहे. त्या त्याने थाळीत गोळ्या बसवतात. बसलेली .३८० चुकलेल्या .४५ पेक्षा हजार पटींनी बरी. शिवाय चुकलेली गोळी हवेत विरून जात नाही. इथल्या घरांच्या भिंती जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या. गोळी पलीकडच्या खोलीत जाते. आमच्या दुकानात काउंटरसमोर शीतपेयांचे फ्रिज आहेत आणि त्यांच्यापुढे गिऱ्हाइकं उभी असतात. माझ्या प्रत्येक गोळीचा हिशोब मलाच द्यायचा आहे.

आणखी एक गोष्ट निवडीइतकीच गंभीर आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४८ हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. आमच्या घरात तरुण मुलगा आहे, त्याचे मित्र येतात-जातात. म्हणून पिस्तुलाच्या आधी मी तिजोरी आणली. पिस्तूल एकतर माझ्या कमरेला असतं, नाहीतर तिजोरीत. पर्समध्ये, उशाखाली किंवा गाडीच्या कप्प्यात कधीच नाही. मंडळाच्या गणपतीला साडी नेसून जाते त्या दिवशी ते घरीच, कुलपात.

अमेरिकेतल्या ज्या मराठी बहिणी-भावांच्या मनात हा विचार घोळत असेल, त्यांना एवढंच सांगणं आहे. आधी तिजोरी घ्या आणि कायदा नीट समजून घ्या. मग चांगला प्रशिक्षक गाठा, पिस्तुलं भाड्याने घेऊन झाडून बघा, आणि ज्या सर्वांत मोठ्या कॅलिबरने तुमच्या हातून गोळ्या भराभर आणि नेमक्या बसतील तेच घ्या. बहुतेकांच्या बाबतीत ते मध्यम आकाराच्या पिस्तुलातलं ९ एमएम निघेल. विक्रेत्याच्या, शेजाऱ्याच्या किंवा माझ्या सांगण्यावरून घेऊ नका. आणि दर महिन्याला सराव करायची तयारी नसेल, तर कोणतंच कॅलिबर घेऊ नका; दाराला चांगलं कुलूप, पार्किंगमध्ये लख्ख दिवे आणि रात्री सोबतीला दुसरं माणूस ठेवा.