गल्ली एक, केसपेपर दोन

मुंबईतल्या कामा या स्त्रियांच्या आणि जी.टी. या सर्वसाधारण सरकारी रुग्णालयांमध्ये एका गल्लीचं अंतर आहे. २०२४मध्ये ही दोन रुग्णालयं मिळून ५० जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. दोन्ही संस्था आता खरोखरच एक व्हाव्यात का, या प्रश्नावर मी ‘हो’ म्हणतो, पण महाविद्यालयासाठी नव्हे, बाळंतिणीसाठी. बहुतेक बाळंतपणं सुखरूप होतात. जी बिघडतात ती मिनिटांत बिघडतात. वार पडल्यावर रक्त थांबलं नाही, तर रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर एकाच वेळी हाताशी लागतं. हृदयाची झडप अरुंद असलेली बाई कळांमध्ये धापा टाकू लागली, की स्त्रीरोगतज्ज्ञाइतकीच फिजिशियनची गरज पडते. ही सगळी फौज चोवीस तास फक्त स्त्रियांच्या रुग्णालयात उभी ठेवणं सरकारला आजवर कुठे जमलंय? ती गल्लीपलीकडे असेल, तर तिला बोलावायला ‘रेफर’ची चिठ्ठी आणि नवा केसपेपर कशाला हवा?

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप कामा रुग्णालयाच्या जन्मातूनच येतो. पुरुष डॉक्टरसमोर जायला बायका तयार नव्हत्या, म्हणून १८८६मध्ये हे रुग्णालय उघडलं आणि स्त्री डॉक्टरांच्या हाती दिलं गेलं. रखमाबाईंना वैद्यकी शिकायला लंडनला जाता यावं म्हणून ज्यांनी मदत उभी केली, त्या डॉ. एडिथ पीची इथल्याच. हा वारसा महाविद्यालयाच्या पाटीखाली पुसला जाईल, ही भीती खोटी नाही. पण कामा रुग्णालयात पुरुष डॉक्टर केव्हाच आले. तरीही ते बायकांचं रुग्णालय राहिलं, कारण तिथली रांग बायकांची आहे. ‘अंगावरून जातंय’ हे खिडकीपाशी सांगताना मागे कुणी परका पुरुष कान देऊन उभा नसतो. म्हणून ती खिडकी, ती ओपीडी आणि ते दार वेगळंच राहू द्यावं. एकत्र करायचंय ते रक्त, भूल आणि अतिदक्षता. शिकाऊ मुलं वॉर्डात येणारच, ती आलीही पाहिजेत. मात्र पडदा ओढलेला असावा, बाईला आधी विचारावं आणि ती ‘नको’ म्हणाली तर विषय तिथेच संपावा.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो: एकत्रीकरण म्हणजे काटकसर. दोन भूलतज्ज्ञांची पदं कागदावर एक व्हायला वेळ लागत नाही, आणि महाविद्यालयाच्या तपासणीपुरते डॉक्टर इकडून तिकडे फिरवण्याची रीत वैद्यकीय शिक्षणात जुनीच आहे. यावर युक्तिवाद नाही, अट आहे. दोन्ही रुग्णालयांची मंजूर पदं, भरलेली पदं आणि आज रात्रपाळीला कोण आहे, हे कामाच्या दारावर मराठीत लावावं. तो फलक लागेपर्यंत माझा ‘हो’ अर्धाच समजावा.