कुळाचा निरोप

आणायला सोप्या आणि घालवायला महाकठीण अशा दोनच गोष्टी जगात आहेत. एक शेतावरचं कूळ आणि दुसरं संगणकातलं सॉफ्टवेअर. कुळाला निदान १९४८ च्या कूळकायद्याचा आधार तरी होता. सॉफ्टवेअर कायद्याशिवायच ठाण मांडून बसतं.

आमच्याकडे मराठी टंकलेखनाचं असंच एक जुनं कूळ होतं. आम्ही तीन संगणक बदलले, पण सामानाबरोबर तेही दर वेळी नव्या घरी आलं. आता त्याची नवी आवृत्ती घ्यायची ठरली. ‘आधी जुनी साफ काढा’, अशी सूचना होती. लिहिणाऱ्याने ‘साफ’ हा शब्द किती सहज वापरला होता! आमचा माळा त्याने पाहिलेला नसावा.

भाचा मदतीला आला. म्हणाला, “मामा, ‘काढून टाका’ म्हटलं म्हणजे गेलं असं नसतं. विंडोज फक्त ‘निघा’ म्हणतं. बांधाबांध करणारा प्रोग्रॅम त्या सॉफ्टवेअरनंच येताना आणलेला असतो.”

म्हणजे घर रिकामं झाल्याचा दाखला कुळानेच द्यायचा! साहजिकच ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये थोडी अडगळ उरली. ‘ॲपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात त्याच्या आवडीनिवडी शाबूत होत्या. आणि रजिस्ट्री म्हणजे तर संगणकाचा सातबाराच. तिथे कुळाचं नाव कायम! नवी आवृत्ती येते, सातबारा वाचते आणि ‘मी इथे आधीपासूनच आहे’ म्हणून दारातूनच परत फिरते. भाच्याने नोंदींना हात लावण्याआधी रजिस्ट्रीची नक्कल काढून ठेवली. पोरगा तलाठी व्हायचा, चुकून इंजिनिअर झाला.

शेवटी तो जुन्या फॉन्टपाशी आला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, अण्णांच्या आठवणी याच अक्षरांत आहेत ना?”

भाच्याचा हात थांबला. जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत राहणारे पोटभाडेकरू. फॉन्ट काढला की मूळ मालक दारात! भाच्याने स्वतःच्या लॅपटॉपवर फाइल उघडून दाखवली. अण्णांनी २००१ साली एका बोटाने टंकलेल्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची दंगल उसळली होती. जन्मभर इंग्रजीशी अबोला धरलेल्या माणसाची ही दशा!

युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीची स्वतःची १२८ खोल्यांची चाळ आहे. आधी अण्णांना तिथे हलवायचं ठरलं. रूपांतर करणारा प्रोग्रॅम मिळाला, पण हलवाहलवीत रफार घरंगळले, वेलांट्या शेजारी गेल्या. मी दोन रात्री छापील प्रत शेजारी ठेवून एकेक अक्षर लावत बसलो.

त्यात गिरगावची खोली सोडल्याची हकिकत आली. अण्णांनी लिहिलं होतं की सगळं सामान काढलं, जमीन पुसली, भिंतीतला कंदिलाचा खिळा मात्र राहू दिला. पुढच्याच्या उपयोगी पडेल!

मग जुनं सॉफ्टवेअर निघालं, सातबारा कोरा झाला आणि नवी आवृत्ती विनातक्रार नांदू लागली. भाच्याने विचारलं, “मामा, हा जुना फॉन्टही उडवू ना आता?”

म्हटलं, “असू दे. खिळा आहे तो.”