पहिली दोन मिनिटं

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे सात. विंडरमियर सरोवराच्या काठावर एक काळा फळा टेकवून ठेवला होता आणि त्यावर खडूनं एकच आकडा लिहिला होता : १२. पाण्याचं तापमान. मी तो वाचला आणि पुढं गेले. मँचेस्टरच्या ज्या तलावात मी वर्षभर सराव केला, तिथलं पाणी २८ अंशांवर ठेवलेलं असतं. दोन्हींतला फरक मला आकड्यात कळला होता, अंगाला अजून कळायचा होता.

जूनअखेरच्या ट्रायथलॉनमध्ये नाव घातलं होतं. दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तो याच अंतरांवर. मला काळजी सायकलची होती, आणि सायकलवरून उतरल्यावर लाकडासारख्या झालेल्या पायांनी धावण्याची. पोहणं हा माझा हक्काचा भाग. सात वर्षांची असताना मी विहिरीत पोहायला शिकले आहे. मला पाण्याचं काय, असं मी धरून चालले होते.

पाणी कमरेला लागलं तशी वेटसूटच्या चेनमधून पाठीच्या कण्यावर एक गार धार उतरली. तलावात घेते तशी मी पुढं झेप घेतली आणि तोंड पाण्यात घातलं. श्वास आत ओढला गेला, तो बाहेर येईना. त्यावर दुसरा ओढला गेला, मग तिसरा, सगळे आतच. छातीला कुणीतरी पट्टा आवळावा तसं झालं. मान वर काढून मी हात मारत राहिले आणि एक घोट पाणी तोंडात गेलं. १० हातही पोहले नसेन. शेजारी कायाकमध्ये बसलेली आमची प्रशिक्षक अगदी साध्या आवाजात म्हणाली, "उताणी हो. पोहू नकोस. वर बघ आणि फुंकर घाल."

मी उताणी झाले. ढग बघितले. फुंकर घातली, ती तुटक आली, पुन्हा घातली. किती वेळ गेला ते मला सांगता आलं नसतं. तिनं नंतर सांगितलं, दीड मिनिट. त्यानंतर छाती आपोआप सैल झाली. पाणी तेवढंच गार होतं, फळ्यावरचा आकडा बदलला नव्हता.

आजोळी, वाळवा तालुक्यात, आमची पायऱ्यांची विहीर होती. आईचे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एप्रिलमध्ये सगळ्या पोरांना रांगेनं उभं करून एकेकाच्या पाठीला वाळलेल्या पांगाऱ्याची सांगड बांधायचे आणि ढकलून द्यायचे. मी पाणी बुकलत होते, तेव्हा ते पायरीवरून ओरडले होते, "अगं, पाण्यासंगं कुस्ती न्हाई खेळायची! श्वास सोड, श्वास!" आठवड्याआड सांगडीतलं एक लाकूड कमी व्हायचं. शेवटी नुसती दोरी उरली आणि मी पोहत होते. विहिरीनं मला खोलीची भीती घालवायला शिकवलं. गारठ्याबद्दल मात्र ती काही शिकवू शकत नव्हती. आपल्या विहिरींचं पाणी पुसा-माघात उलट कोमट लागतं, पहाटे त्यातून वाफा निघताना दिसतात. गार पाणी म्हणजे काय हे माझ्या अंगाला चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं.

विंडरमियरला मला भीती वाटली नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. मन शांत होतं. जे झालं ते त्वचेनं केलं. कातडीचं तापमान एकदम उतरलं की शरीर न विचारता एक मोठा श्वास आत ओढतं, मग धाप लागते, नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. हा झटका पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात सगळ्यात जोरात असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. पोर्ट्समथ विद्यापीठातले माईक टिप्टन यांनी कित्येक वर्षं हाच अभ्यास केला आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट पुढं आणली. गारठा हृदयाला पळ म्हणतो, आणि त्याच वेळी गार पाण्यात बुडालेला चेहरा, रोखलेला श्वास त्याला हळू चाल म्हणतात. या दोन उलट्या हुकमांमध्ये ठोक्यांची लय बिघडू शकते. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय अचानक पाण्यात पडलेल्या माणसाला पहिल्यांदा तरंगायला सांगते, पोहायला नंतर, ते याच कारणानं. धैर्य दाखवून जोरात हात मारणारा माणूस त्या दोन मिनिटांत स्वतःचं नुकसान करून घेतो. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना तपासल्या गेल्या, तेव्हा साधारण तीनांतल्या दोन पोहण्याच्या टप्प्यात घडल्याचं दिसलं. त्या सगळ्या गारठ्यामुळं झाल्या असं कुणी म्हणत नाही. पण सायकल आणि धावण्यावर महिनोन्महिने घालवणारे आम्ही पोहण्याच्या सुरुवातीला किती कमी वेळ देतो, हा विचार त्या आकड्यानं मला करायला लावला.

मग मी सरावाची वहीच बदलली. अंतर लिहिणं बंद केलं. पुढचे सहा शनिवार-रविवार फक्त उतरण्याचा सराव. टिप्टन यांच्याच कामातून कळलं होतं की गार पाण्यात पाच-सहा वेळा, काही मिनिटंच का होईना, उतरलं तर हा झटका जवळपास निम्म्यावर येतो आणि ती सवय कित्येक महिने टिकते. आधी मनगटं आणि मान भिजवायची. वेटसूटचा गळा ओढून थोडं पाणी स्वतःच आत सोडायचं, कारण वेटसूटचं रबरी निओप्रीन आणि कातडी यांच्यामध्ये अडकलेला तो पातळ थर अंगानं आधीच तापला की पोहताना गार धार एकदम झटका देत नाही; पांघरूण होतात ते निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे. मग चेहरा बुडवून फक्त बुडबुडे. आत घ्यायचा श्वास आपोआप येतो. बाहेर टाकायचा तेवढा आपल्या हातात असतो. तिसऱ्या वेळी न विचारता ओढले गेलेले श्वास दोनच आले. पाचव्या वेळी मी सरळ पोहत सुटले, आणि आबांचं पायरीवरचं ओरडणं इतक्या वर्षांनी नीट ऐकू आलं.

वेटसूटबद्दल एक सांगायला हवं. पहिला मी एका ओळखीच्या बाईकडून मागून आणलेला होता, माझ्या कमरेत सैल. त्यात प्रत्येक हाताबरोबर नवं गार पाणी शिरायचं आणि तो तापायचाच नाही. दुसरा घेतला तो गळ्याला इतका घट्ट की गारठा नसतानाही श्वास अडकल्यासारखं वाटे. तिसरा बसला. बूट घेताना आपण जेवढं बघतो त्याच्या दुप्पट इथं बघावं. स्पर्धेच्या नियमांत त्याची जाडी ५ मिलिमीटरपर्यंतच चालते. ऊब नुसत्या जाडीवर नाही, तो अंगासरशी बसण्यावरही अवलंबून आहे.

गारठा सुटल्यावर सरोवर दिसायला लागलं. विंडरमियर सुमारे १७ किलोमीटर लांब, इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक सरोवर. तळाला काळी पट्टी नाही, भिंत नाही. पुढं टाकलेला स्वतःचा हात कोपरापासून पुढं चहाच्या रंगात विरघळतो. विहिरीत चार हात मारले की दगड लागायचा. इथं सरळ जातोय असं वाटत असताना मी केळीच्या पानासारखी वळत जायचे. दर सहा-आठ हातांनी डोळे फक्त पाण्याच्या वर काढायचे, मगरीसारखे, आणि खूण बघायची. बोया लाटेत लपतो, म्हणून त्याच्या मागची काहीतरी उंच वस्तू धरायची. मी पलीकडच्या काठावरचं एक गडद झाड धरलं. मागं कमरेला दोरीनं नारंगी फुगा बांधलेला असतो. पहिल्यांदा तो बांधला तेव्हा सांगडीची आठवण झाली, पण याचं काम वेगळं. सांगड मला तरंगवायची. हा फुगा बोटवाल्यांना मी कुठं आहे ते दाखवतो.

पाण्याबाहेर आल्यावरचा भाग ट्रायथलॉनवाल्यांनी फार मनावर घ्यावा असा आहे. बाहेर आलो म्हणजे संपलं असं नसतं. अंगातली ऊब त्यानंतरही काही मिनिटं उतरतच राहते. मी पहिल्या दिवशी काठावर हसत उभी होते आणि १० मिनिटांनी हुडहुडी अशी भरली की नवऱ्यानं आणलेला आल्याचा चहा कपातून सांडला. गरम पाण्याखाली लगेच उभं राहायचं नाही, भोवळ येऊ शकते. ओलं काढायचं, आधी धड झाकायचं, टोपी घालायची, मग घोट घोट चहा. स्पर्धेत मात्र चहाला वेळ नसतो, बाहेर पडलं की सायकल. सरावात एकदा मी तशीच सायकलवर बसले आणि पहिल्याच उतारावर लक्षात आलं की बोटं ब्रेकवर आहेत, पण ती दाबली जातायत की नाही हे मला कळत नाहीये. तिथंच उतरून, हात काखेत धरून उभी राहिले. त्या दिवसापासून माझ्या सायकलच्या हँडलवर लोकरीचे हातमोजे उलगडून अडकवलेले असतात, आणि ते चढवायला जाणारी २० सेकंद मी आनंदानं देते.

पुण्याच्या रोहन मोरेनं २०१८ साली ओशन्स सेव्हन, म्हणजे जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पूर्ण केल्या, असं करणारा तो पहिला आशियाई. त्यातली आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनेल साधारण माझ्या फळ्यावरच्या आकड्याइतकीच गार असते, आणि ती वेटसूटशिवाय, तासन्‌तास पोहायची असते. मी १२ अंशांत दीड मिनिट उताणी पडून राहिले, म्हणूनच त्या पराक्रमाचं वजन मला आज कळतं. आपल्या मुलांना त्याचं नाव सांगताना ते पाणी किती गार होतं हेही सांगायला हवं.

२०१५ साली मिलिंद सोमणनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन, म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, पूर्ण केली, त्यानंतर पुण्या-कोल्हापुराकडचे कितीतरी जण या वाटेला लागले. गोव्यात मिरामारला स्पर्धा होते तिथला समुद्र ऊबदार असतो, तिथं हा प्रश्न येत नाही. पण युरोपातल्या सरोवरांत उतरायला जे इकडं येतात, त्यांच्यातले काहीजण आदल्या दिवशी विमानातून उतरतात आणि आयुष्यातलं पहिलं गार पाणी थेट स्पर्धेच्या सकाळी अंगावर घेतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : आठवडाभर आधी या. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर तिकिटाच्या आधी डॉक्टरांना विचारा. रोज, कुणाला तरी बरोबर घेऊन, थोडं थोडं उतरा. एकट्यानं कधीही नाही. शिट्टी वाजायच्या आधी चेहरा आणि मान भिजवा, घोळक्याच्या कडेला उभे राहा, आणि छाती आवळली तर लाज न बाळगता उताणे व्हा.

स्पर्धेच्या दिवशी फळ्यावर १६ होतं. दीड किलोमीटरला मला ३८ मिनिटं लागली. त्यातली पहिली दोन मिनिटं मी आकाशाकडं बघत फुंकर घालत होते.